भरलेलं कोठार

हिरुळकर सरांची उंची दरवर्षी थोडी कमी व्हायची आणि ती ते न चुकता मोजून घ्यायचे. जूनमध्ये कॉलेज उघडलं की चपला काढून, टाचा जुळवून, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या चौकटीला पाठ लावून ते ताठ उभे राहत. त्यांच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारायची, हे काम माझं. मी तिथं नवा लागलो त्या वर्षी मला वाटलं, माणूस वडीलधारा आहे, आपली नोकरी कच्ची आहे, रेघ जरा वर मारलेली बरी. मारली. सर वळले, चष्मा कपाळावर नेला आणि रेघेकडं बघत म्हणाले,

"नागपूरकर, तुम्ही मले वाढवून राह्यले काय?"

"नाही सर, पट्टी जरा तिरपी झाली असेल."

"पट्टी सरळच होती. तुम्ही तिरपे झाले. पुसा अन् पुन्हा मारा."

पुन्हा मारली. ती गेल्या वर्षीच्या रेघेच्या खाली आली. सर एकदम खूश. स्वतःचा तोटा बघून इतका आनंदणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "पाहा," ते म्हणाले, "पोट्टे चढून राह्यले, आपन उतरून राह्यलो. कायले?"

'कायले' म्हणजे 'का, कशासाठी?', आणि हा 'कायले' म्हणजेच हिरुळकर सर. यवतमाळच्या आमच्या नव्या कॉलेजात मुलं त्यांना मागून 'कायले सर' म्हणत आणि सरांना ते ठाऊक होतं. वर्गात ते पुस्तकी मराठीत सुरुवात करायचे. बेडूक, त्याचं हृदय, त्याचे कप्पे, सगळं शुद्ध. पण मुलानं घोकलेलं उत्तर दिलं की सर टेबलावर खडू आपटायचे आणि त्यांच्या गावची, नेरची बोली सुटायची. "हे तं पुस्तकात हाये. पन कायले?" मुलगा पुन्हा पुस्तकाकडं बघायचा. मग सर म्हणायचे, "मलेही माहीत नाही. बस खाली. आता आपन दोघं सारखे."

अंगात बारा महिने एकच खाकी कोट. यवतमाळच्या उन्हाळ्यात आम्ही बनियनवर येऊ की काय अशी वेळ असताना हा माणूस कोटात. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "खिसे लागतात ना." त्या खिशांतून चिमटा, दोरा, पेरूची फोड आणि क्वचित जिवंत सरडा निघायचा. कॉलेजात यायचे ते सायकलवरून, पण चढाव आला की उतरायचे नाहीत. लोक त्यांना चालत ओलांडून जायचे, सर मात्र पायडलवर उभेच. "उतरलो का पाय शिकून जातात," म्हणायचे.

त्यांच्या त्या एका 'कायले'मागं त्यांचे वडील होते. सर हे मला एकदाच बोलले. नेरला वडील कापसाची बोंदरी, म्हणजे ठासून भरलेली पोती, पाठीवर घेऊन जिना चढत. पुढं म्हातारपणी दंड सुकले, पोट सुटलं, झोप चिमणीएवढी झाली. "लग्नातला सदरा होता त्याइचा. सदरा तोच राह्यला," सर म्हणाले, "पन बाप आत सापडे ना."

मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाला एक खोबणी असते. तिच्यात पीयूषिका नावाची ग्रंथी बसलेली असते, भिजल्या हरभऱ्याएवढी. शरीर वाढवणारा रस तिच्यातून सुटतो, हे तेव्हा आमच्याही पुस्तकात होतं. म्हातारपणी ग्रंथी आटते, जुन्या विहिरीसारखी, असं लोक गृहीत धरून चालत. सर म्हणत, "विहिरीत कोनी उतरून पाह्यलं? पानी आटलं असंल, नाहीतर पानी तसंच असंल अन् मोटच बंद पडली असंल. दोन्हीत लई फरक हाये." हा फरक त्यांना बघायचा होता, आणि निवृत्तीच्या आत बघायचा होता. निवृत्ती होती येत्या एप्रिलअखेर. प्राचार्यांनी परवानगी देतानाच सांगितलं होतं, "हिरुळकर, तुमच्याबरोबर तुमचे उंदीरही निवृत्त होतील. ती खोली मला भूगोलाला द्यायची आहे."

बेत साधा होता. बोकड-शेळ्यांच्या ग्रंथी गोळा करायच्या, तरुण जनावरांच्या एका बाटलीत, म्हाताऱ्यांच्या दुसऱ्या. ॲसिटोनमध्ये वाळवून पूड करायची. मग ज्यांची वाढ थांबली आहे अशा पांढऱ्या उंदरांच्या माद्या घ्यायच्या. काहींना तरुण पुडीचं पाणी टोचायचं, काहींना म्हाताऱ्या पुडीचं, काहींना नुसतंच पाणी. कोण पुन्हा वाढू लागतं ते बघायचं. मी रसायनाचा डेमॉन्स्ट्रेटर. ॲसिटोनची बाटली माझ्या ताब्यात, म्हणून सरांनी मला प्राचार्यांकडून उसना मागून घेतला. ॲसिटोन नुसतंच मागून घेतलं असतं तर विज्ञानाचं बरंच भलं झालं असतं.

दिवाळीनंतर उंदीर आणायला मला नागपूरला धाडलं. पिंजरा घेऊन मी परतीच्या बसमध्ये बसलो. वर्धा गेलं, देवळी गेलं, मला डुलकी लागली. कळंबच्या थांब्यावर बायकांच्या ओरडण्यानं जागा झालो. पिंजऱ्याची कडी मी लावली होती, पण उलट्या बाजूनं. दोन माद्या बाहेर. एक बाकाखाली गेली आणि दुसरी थेट एका आजीबाईंच्या पदरात. आजी तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेऊन नुकत्याच बसमध्ये चढल्या होत्या, कपाळावरचा शेंदूर अजून ओला होता. त्यांनी पदर उचलून बघितला तर आत पांढराशुभ्र उंदीर. त्यांनी हातच जोडले.

"आजी, द्या तो इकडं," मी म्हटलं.

"काहून देऊ? देवानं धाडला मले."

"देवानं नाही हो, सरकारी प्रयोगशाळेनं धाडलाय."

"तूच धाडला असशील तं कडी काहून नाही लावली?" आजींनी विचारलं. मी वाकून बाकाखालची मादी पकडली आणि कडी लावली. कंडक्टरनं मध्यस्थी केली. यवतमाळपर्यंत ती मादी आजींच्या मांडीवर गुळाचा खडा खात आली आणि उतरताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की हिला सुई टोचायची नाही. सरांना सांगितलं. मला वाटलं हसतील. सर म्हणाले, "वचन देल्लं ना? मंग ती नुसत्या पान्याच्या गटातही नको. तिले वेगळी ठेवा." प्रयोग संपेपर्यंत ती मादी आमच्याकडं पाहुणी म्हणून राहिली. गुळावर.

मुंड्यांसाठी सर स्वतः रहीमभाईंच्या मटणाच्या दुकानात जात. सरांच्या घरी अंडंसुद्धा वर्ज्य. पण पहाटे सायकल लावून हा माणूस मुंड्यांच्या ढिगाशी उकिडवा बसे. भेजा काढून घेतला की ग्रंथी खाली खोबणीत राहते, तीच सरांना हवी. रहीमभाई म्हणत, "परफेसर साब, भेजा हमकू छोडते, गड्डे में क्या ढूंडते? खजाना गाडा है क्या?" सर म्हणत, "खजानाच है रहीमभाई. खाली है या भरा है, वोच देखना है."

गावाला एवढं पुरेसं होतं. हिरुळकर मास्तर तरुण व्हायचं इंजेक्शन करून राह्यले, अशी बातमी आठवडाभरात कचेरीपर्यंत गेली. निवृत्त नायब तहसीलदार भाऊसाहेब एक दिवस मफलर गुंडाळून प्रयोगशाळेत आले आणि हळूच बाही वर केली.

"द्या मास्तर. आपल्याला दुखलं तरी चालतं."

सरांनी त्यांचा दंड दाबून पाहिला. "झोप कशी लागते?"

"कसली झोप! डोळा लागला की उघडतो."

"जेवन?"

"रात्री? रात्री मात्र व्यवस्थित."

"तिथंच घोळ हाये. रातचं जेवन अर्धं करा. सकाळी धाप लागेस्तोवर चाला. दिवसा आडवं होऊ नका, म्हंजे राती झोप येईन. सहा महिन्यानं या, मंग बाही वर करा."

भाऊसाहेबांनी बाही खाली केली. "हे तर आमचा बापही सांगत होता."

"मंग ऐकलं काहून नाही?"

भाऊसाहेब बाहेर पडले ते गावभर सांगत सुटले की मास्तराकडं औषध आहे, पण देत नाही. आज वाचतो तेव्हा हसू येतं. वाढीचा रस सर्वांत जास्त सुटतो तो गाढ झोपेत, व्यायामानंही सुटतो आणि पोट सुटलं की त्याचा झरा मंदावतो, हे आता कोणत्याही पुस्तकात सापडतं. सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त आपला बाप ठाऊक होता.

आता माझा पराक्रम. मुंड्या आल्या की त्यांची तरुण आणि म्हातारी अशी वाटणी सरांनी माझ्यावर सोपवली. "दात पाह्यत जा," एवढंच ते म्हणाले. यापेक्षा जास्त सांगायची गरज असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार. काही मुंड्या खालच्या जबड्यासकट यायच्या. त्यांना पुढं छान दात दिसायचे, मी त्या तरुण बाटलीत घालायचो. काही जबड्याविना यायच्या. वरच्या हिरडीला पुढं एकही दात नाही. बिचारं किती म्हातारं झालं असेल, असं मनाशी म्हणत मी त्यांची ग्रंथी म्हाताऱ्या बाटलीत टाकायचो. एकदा तर मला अगदी गलबलून आलं होतं.

पुड्या झाल्या, टोचण्या सुरू झाल्या. नुसत्या पाण्यावरच्या माद्या होत्या तशाच राहिल्या. दोन्ही पुड्यांच्या माद्या मात्र वाढू लागल्या, अगदी बरोबरीनं. सर तराजूजवळून हलेनात. "भरलेलं हाये," ते पुटपुटत, "नागपूरकर, म्हाताऱ्याचं कोठार भरलेलं हाये!" त्या दिवशी त्यांनी खिशातली पेरूची सबंध फोड मला दिली.

संक्रांत होऊन गेली होती. अजून थोड्या ग्रंथी हव्यात म्हणून मी मुंड्या निवडत बसलो होतो आणि सर मागं येऊन उभे राहिले. मी एक मुंडी म्हाताऱ्यांकडं सरकवली.

"ही काहून म्हातारी?"

"वरचे दात सगळे पडलेत सर."

सरांनी मुंडी उचलून उलटीपालटी करून पाहिली. मग स्टुलावर बसले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या नागपुरात शेळ्या हासत नाहीत काय?"

"सर?"

"लेका, शेळीले वर पुढचे दात देवानं देल्लेच नाहीत! पिल्लू असो का म्हातारी. वय पाह्याचं ते खालच्या दातावरून. दोन दाती, चार दाती, झिजलेले. खालचा जबडा कुठं हाये याचा?"

जबडा रहीमभाईंकडं. जिभेला गिऱ्हाईक आलं की ते जबडा वेगळा काढून देत. म्हणजे माझ्या शास्त्रानुसार ज्या बोकडाची जीभ विकली गेली तो म्हातारा आणि ज्याची उरली तो तरुण. दोन्ही बाटल्यांत भरली होती ती बहुतेक कोवळी बोकडंच. तुलना झाली होती ती गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडीची.

मी घसा खाकरून म्हटलं, "सर, पण उत्तर तर तुम्हाला हवं तेच आलंय. कदाचित बरोबरही असेल."

सरांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "मले हवं ते उत्तर नको! जे हाये ते पाह्यजे! बापाच्या सदऱ्यात कापूस कोंबून, बाप सापडला म्हनू काय?" मग उठले, दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या, कोटाला हात पुसले. "चला. पुन्हा सुरू."

"सर, एप्रिल..."

"एप्रिल आपल्या जागी. आपन आपल्या जागी."

नवी अडचण अशी की म्हातारी शेळी कापायला कोण आणतो? रहीमभाईंनी हात वर केले. "बुड्ढी बकरी का गोश्त गलता नहीं साब. गिराईक मेरे सर पे मारेगा." सर ऐकतात होय! सायकल मारत बाजार धुंडाळू लागले. म्हाताऱ्या शेळ्या स्वस्तात जातात, खिम्याच्या दुकानांसाठी, हे त्यांनीच शोधून काढलं. जनावर जिवंत असताना तोंड उघडून खालचे दात पाहायचे आणि झिजलेल्या दातांच्या शेळीच्या शिंगाला गेरू फासून यायचे, म्हणजे त्या दुकानांतून मुंडी आली की तिचं वय तिच्या शिंगावर. लोहारा गावाच्या वाटेवर मी त्यांना असं पाहिलं आहे. एका हातानं सायकल, दुसऱ्या हातानं शेळीचा कान, बोटं गेरूनं लाल आणि मागून एक धनगर ओरडतोय, "अहो मास्तर, घ्याची हाये का लगन लावाचं हाये तिचं?" मला सर बाजारात नेत पण तोंडं उघडू देत नसत. मी गेरूचा डबा धरायचो. त्या डब्यालाही झाकण उलटं लागू शकतं, हे मी त्याच काळात सिद्ध केलं. माझा एक पांढरा लेंगा आजही साक्षीला आहे.

मार्च लागला, ऊन पेटलं. पत्र्याच्या खोलीत उंदीर धापा टाकू लागले. सरांनी घरची वाळ्याची ताटी उचलली आणि उंदरांच्या खिडकीला लावली. ताटी ओली ठेवायला स्वतः बादल्या वाहत. सरांच्या पत्नी, सुमतीकाकू, मला डबा देताना म्हणाल्या,

"पाहा भाऊ, उंदरं वाळ्यात अन् मी वाळून राह्यली. पुढच्या जन्मी शेपटी घेऊनच येईन मी."

"काकू, ताटी परत आणू का?"

"आनशीन तं खबरदार! त्याइचं होऊ दे आधी. बापाच्या नावानं पेटले हायेत ते."

आणि झालं. एप्रिलच्या मध्यावर शेवटची तोलणी झाली. या वेळी दात सरांनी पाहिले होते, बाटल्या सरांनी भरल्या होत्या, मला फक्त वजनं उतरवून ठेवायची मुभा होती. म्हाताऱ्या शेळ्यांच्या पुडीवरच्या माद्या तरुण पुडीवरच्यांइतक्याच वाढल्या होत्या. सरांनी पुन्हा तोललं. मग पाहुण्या मादीला गुळाचा खडा दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"तर मग आपण आधीच बरोबर होतो सर," मी म्हटलं. गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

"आधी तुम्ही नशीबवान होते. बरोबर आता झालो." मग वळून म्हणाले, "कोठार भरलेलं हाये नागपूरकर. म्हंजे माहा बाप रिकामा झाला नव्हता. मालच मागवत नव्हतं कोनी. वरून हुकूमच येत नव्हता."

"वरून म्हणजे देवाकडून?"

"देव कायले? मेंदू हाये ना वर बसलेला. त्यानं 'सोड' म्हनलं पाह्यजे. तो म्हनत नसंल. कायले म्हनत नाही, हे कोनीतरी पुढं पाहावं."

पुढं लोकांनी पाहिलंही. मेंदूच्या तळातून एक रस 'सोड' म्हणतो आणि दुसरा 'थांब' म्हणतो. वय वाढतं तसा पहिल्याचा आवाज बसत जातो आणि दुसऱ्याचा वरचढ होतो. गाढ झोप तुटक होते आणि तिच्याबरोबर तो रात्रीचा भरघोस पूरही ओसरतो. ग्रंथीत माल असतो, मागणी घटते. हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं तेव्हा पहिल्यांदा सरांसारखी माझीही बोटं गेरूनं लाल झाल्यासारखी वाटली.

निरोपाचा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फोटो. माझं भाषण ठेवलं होतं. मी पाठ करून आलो होतो आणि शेवट केला, "सरांनी आता विश्रांती घ्यावी, हीच आमची इच्छा." टाळ्या पडल्या. सर उत्तराला उठले. खाकी कोटावर शाल. म्हणाले, "नागपूरकरांनी आत्ता मला 'थांब' म्हटलं." वाटलं, पुढं शुद्ध भाषेत आभार येतील. आले नाहीत. "उद्यापासून मले कोनी बोलावनार नाही, हे मले मालूम हाये. पन कोठार भरलेलं हाये. हुकूम येत नसंल तं मीच सोडीन हुकूम." आणि खाली बसले. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "कायले सर!" आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला.

उंदीर नागपूरला परत गेले. गुळावरची मादी मात्र सुमतीकाकूंनी नेरला नेली. "ताटीत वाढलेली हाये," म्हणाल्या, "आता गरमीत कुठं पाठवता?"

साठच्या दशकाच्या अखेरीस कापसाच्या मोसमात माझं नेरला जाणं झालं. स्टँडवर सरांचं घर विचारलं तर हॉटेलवाला म्हणाला, "घरी कायले जाता? शाळेत असतीन." घरी गेलो तर काकू एकट्या. त्यांनी सगळं सांगितलं. सर गावी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात हायस्कुलाच्या व्हरांड्यात जाऊन बसले. हेडमास्तर म्हणाले, जागा नाही. सर म्हणाले, "जागा नाही मागून राह्यलो." रोज जात, बसत, दुपारी परत येत. एक दिवस विज्ञानाचे मास्तर आले नाहीत, वर्ग गोंधळ घालू लागला. सर उठले, आत गेले, खडू उचलला. तेव्हापासून जातातच. "त्याइले कोनी ये म्हनलं नाही भाऊ," काकू म्हणाल्या, "अन् येऊ नका म्हनाची कोनाची छाती नाही."

शाळेत गेलो. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. खाकी कोट आता त्यांच्या अंगावर नव्हता, सर कोटात होते. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मला त्यांच्या वडिलांचा सदरा आठवला आणि मी भलतीकडं बघू लागलो. सरांनी ते ओळखलं.

"बरं झालं आले. पट्टी हाये त्या वर्गात, आना."

वर्गाच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीखाली एक. सरांनी चपला काढल्या, टाचा जुळवल्या, पाठ लावली. पट्टी धरताना माझा हात जरा वर सरकू बघत होता. मी त्याला दाबून धरलं आणि रेघ मारली, होती तिथं. सर्वांत खाली.

सर वळून बघत राहिले. "आता सरळ झाले तुम्ही," म्हणाले.

मी बसचं निमित्त काढून निघालो. फाटकाशी वळून पाहिलं. मधली सुट्टी संपत आली होती, मुलं अजून मैदानात पळत होती. सरांनी बाही वर सारली, खिशात चाचपून खडू काढला आणि टाचा उचलत झपझप वर्गाकडं निघाले.

घंटा अजून झाली नव्हती.